श्रद्धेला आव्हान देणारी कादंबरी हाती आली तर : ख्रिस्ती वाचकासाठी काही सूचना

येशू ख्रिस्ताचे जीवन, बायबलची जडणघडण किंवा चर्चचा इतिहास यांविषयी परंपरेला छेद देणारी एखादी कादंबरी लोकप्रिय होते, तिच्यावर चित्रपट निघतो, आणि मग उपासनेनंतर चर्चच्या आवारात तरुण मंडळी तिच्याविषयीच बोलू लागतात. अशा वेळी पालक, संडे स्कूलचे शिक्षक, युवक गट चालवणारे कार्यकर्ते आणि स्वतः धर्मगुरूही बहुधा दोनपैकी एक मार्ग धरतात. ते विषय टाळतात, नाहीतर पुस्तकाचा निषेध करून मोकळे होतात. दोन्ही मार्गांनी प्रश्न विचारणारा माणूस प्रश्नासकट दूर जातो. ते टाळण्यासाठी काय करता येईल, हे येथे 'द दा विंची कोड' या कादंबरीच्या आधारे मांडले आहे. डॅन ब्राउन यांची ही कादंबरी २००३ मध्ये आली, २००६ मध्ये तिच्यावर चित्रपट आला आणि तिचा मराठी अनुवादही उपलब्ध आहे. येशूने मग्दालीया मरीयेशी विवाह केला, त्यांचा वंश पुढे चालला आणि चर्चने हे सत्य दडवले, अशी तिची कल्पना आहे. तिच्यातील दाव्यांची आणि त्यांवरच्या ख्रिस्ती प्रतिक्रियांची पुरेशी छाननी आता झालेली आहे, म्हणून शिकण्यासाठी हे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे.

आधी वाचा, आणि दोनदा वाचा

मार्च २००५ मध्ये जेनोआचे आर्चबिशप कार्डिनल तार्चिझियो बेर्तोने यांनी ही कादंबरी वाचू नका आणि विकत घेऊ नका, असे जाहीर आवाहन केले. भाविकांची काळजी हाच त्यांचा हेतू होता, याबद्दल शंका नाही. परंतु तोपर्यंत पुस्तक जगभर लाखोंच्या संख्येने खपलेले होते, आणि ज्याने ते वाचले आहे अशा मुलीच्या किंवा भाच्याच्या प्रश्नाला न वाचलेला मनुष्य उत्तर देऊ शकत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात पौल अथेन्सच्या लोकांपुढे बोलतो तेव्हा त्याने आधी त्यांचे शहर हिंडून त्यांच्या वेदी पाहिलेल्या असतात, आणि भाषणात तो त्यांच्याच कवीचे वचन आधाराला घेतो. ज्यांना उत्तर द्यायचे त्यांचे लेखन आधी ठाऊक असावे लागते, हा धडा तेथूनच घ्यावा. हे बंधन अर्थात उत्तर देण्याची जबाबदारी असलेल्यांवर आहे. लहान मुलांवर किंवा श्रद्धेच्या कठीण काळातून जाणाऱ्या व्यक्तीवर असे पुस्तक लादू नये.

पहिले वाचन केवळ कथा म्हणून करावे. छोटी प्रकरणे, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ताणलेली उत्सुकता, कोडी आणि सांकेतिक लिपी यांमुळे ही कादंबरी खिळवून ठेवते, हे मोकळेपणाने मान्य करावे. जो हे मान्य करत नाही त्याचे पुढचे म्हणणे तरुण वाचक ऐकत नाही.

दुसरे वाचन पेन्सिल घेऊन करावे आणि प्रत्येक वादग्रस्त विधानाशेजारी ते कोण करत आहे, याची खूण करावी. लेखक स्वतःच्या नावाने बोलतो आहे, निवेदक बोलतो आहे, की एखादे पात्र? या एका सवयीने अर्धा गोंधळ निवळतो. कथेच्या आधी एका पानावर लेखकाने 'वस्तुस्थिती' म्हणून काही विधाने केली आहेत. 'प्रायरी ऑफ सायन' ही १०९९ मध्ये स्थापन झालेली गुप्त संघटना खरोखर अस्तित्वात आहे, आणि पुस्तकातील कलाकृती, वास्तू, कागदपत्रे व गुप्त विधी यांची वर्णने अचूक आहेत, असे ते पान सांगते. या पानाची जबाबदारी थेट लेखकावर येते. येशूच्या विवाहाविषयीची आणि चौथ्या शतकातील नायसियाच्या धर्मपरिषदेविषयीची विधाने मात्र मुख्यतः एका श्रीमंत इंग्रज इतिहासप्रेमी पात्राच्या तोंडी आहेत, आणि कादंबरीच्या शेवटी हेच पात्र सर्वांना फसवणारा सूत्रधार ठरते. वाचकाच्या मनात मात्र त्याचे व्याख्यान इतिहास म्हणून राहून जाते. तरुणांना हे दाखवून द्यावे. पुस्तक त्यांनी स्वतः वाचलेले असते, त्यामुळे हा मुद्दा त्यांना लगेच पटतो.

दावा कसा तपासावा

प्रत्येक दावा एका वाक्यात लिहून काढावा आणि त्याला चार प्रश्न विचारावेत. याचा आधार कोणत्या कागदपत्रात आहे, ते कोणत्या काळातले आहे, कोणत्या भाषेत आहे, आणि ज्या घटनेविषयी ते बोलते तिच्यापासून किती दूर आहे? याच कसोटीवर आपण आपली उत्तरेही घासावीत. उत्तर देण्याच्या भरात ख्रिस्ती वक्तेही कधी कधी वाढवून सांगतात, आणि ते उघडकीस आले की खरे मुद्देही संशयास्पद ठरतात.

गुप्त संघटनेचा दावा सर्वांत सहज निकालात निघतो. 'प्रायरी ऑफ सायन' या नावाची संस्था फ्रान्समध्ये १९५६ साली पिएर प्लांतार आणि त्याच्या साथीदारांनी नोंदवली. तिला मध्ययुगीन वंशावळ मिळावी म्हणून बनावट कागद तयार करण्यात आले आणि १९६० च्या दशकात ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवण्यात आले. १९८२ मध्ये इंग्रजीत आलेल्या एका पुस्तकाने ते कागद खरे मानून मोठा सिद्धांत उभारला आणि तो पुढे कादंबरीत उतरला. त्या जुन्या पुस्तकाच्या दोन लेखकांनी कादंबरीच्या प्रकाशकावर लंडनमध्ये दावाही लावला होता. २००६ मध्ये तो फेटाळला गेला.

नायसियाचा प्रश्न मात्र सावकाश समजून घ्यावा लागतो, कारण येथे खोट्याला खऱ्याची जोड आहे. कादंबरीतील पात्र सांगते की येशू हा केवळ एक थोर मनुष्य मानला जात होता, इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या पुढाकाराने तेथे मतदान घेऊन त्याला देवत्व देण्यात आले, आणि ते मतदान अटीतटीचे होते. परिषद झाली, ती सम्राटाने बोलावली, आणि तिच्यावर त्याचा प्रभाव होता, हे सर्व खरे आहे. पण तेथील वाद अलेक्झांड्रियाच्या एरियस या धर्मगुरूच्या शिकवणुकीवरून होता. पुत्र हा पित्याने सर्वांआधी निर्माण केलेला आहे की पित्याशी एकतत्त्व आहे, हा त्या वादाचा विषय होता. एरियसचा येशूदेखील सृष्टीच्या आधीचा होता. केवळ मनुष्य असलेल्या येशूची बाजू मांडणारा पक्ष त्या सभेत नव्हता. अखेरीस मतांगीकारावर, म्हणजे परिषदेने ठरवलेल्या श्रद्धेच्या निवेदनावर, सही करण्यास ठाम नकार देणारे बिशप दोनच होते, तेव्हा अटीतटीचे मतदानही उरत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे, येशूला देव मानले जात होते याचे पुरावे नायसियाच्या कितीतरी आधीचे आहेत. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील ख्रिस्तगीत पहिल्या शतकाच्या मध्यातले आहे. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून त्याची गीते गातात. प्लिनी ख्रिस्ती नव्हता, उलट तो त्यांची चौकशी करून शिक्षा देत होता, म्हणून त्याच्या साक्षीला वेगळे वजन आहे. युवक गटात एकच पुरावा सांगायला वेळ असेल तर हाच सांगावा.

त्याच परिषदेत बायबलमधील पुस्तके ठरली, हा समज तर अनेक ख्रिस्ती घरांतही आढळतो. नायसियाच्या परिषदेने अशी यादी केली नाही. चार शुभवर्तमानांचा आग्रह इरेनियस या बिशपने इ. स. १८० च्या सुमारासच धरला होता, आणि आजच्या नव्या करारातील सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी बिशप अथनासियसच्या इ. स. ३६७ च्या पत्रात मिळते. मधल्या काळात इब्री लोकांस पत्र, प्रकटीकरण आणि आणखी काही पुस्तकांविषयी मंडळ्यांमध्ये मतभेद होते, आणि हे लपवू नये. कॉन्स्टंटाइनने कैसरियाचा बिशप युसेबियस याच्याकडून शास्त्रलेखांच्या पन्नास प्रती करवून घेतल्या होत्या, हेही खरे आहे. कॉन्स्टंटाइनने नवे बायबल तयार करवले, या कादंबरीतील कल्पनेला कदाचित येथूनच टेकू मिळाला असावा. परंतु उपासनेसाठी प्रती मागवणे आणि नवे बायबल रचून घेणे यांत फार मोठे अंतर आहे. यादी हळूहळू, वाद होत आणि मंडळ्यांच्या वापरातून पक्की झाली, असे सांगितल्याने श्रद्धा कमकुवत होत नाही. परमेश्वर माणसांच्या दीर्घ विचारविनिमयातून कार्य करतो, असे मानणाऱ्यांना त्यात बिचकण्यासारखे काही नाही.

फिलिपच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शुभवर्तमानाचा आधार येशूच्या विवाहासाठी दिला जातो. हा ग्रंथ १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या हस्तलिखितांत आहे. सापडलेली प्रत चौथ्या शतकातील आणि कॉप्टिक भाषेतील आहे, कादंबरीतील पात्र मात्र त्याविषयी अरामी भाषेच्या पंडितांचा हवाला देते. मूळ रचना बहुतेक अभ्यासक दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा तिसऱ्या शतकात ठेवतात. मग्दालीया मरीयेच्या चुंबनाचा उल्लेख ज्या ओळीत आहे तेथे पान फाटलेले आहे, आणि विवाह झाल्याचे विधान त्या ग्रंथातही कोठे नाही. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे, म्हणजे त्या परिसरात सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांचे, नावही याच संदर्भात घेतले जाते, परंतु १९४७ पासून सापडलेले ते लेख यहुदी आहेत आणि येशूच्या चरित्राविषयी त्यांत काही नाही.

लिओनार्दो दा विंचीच्या 'शेवटचे भोजन' या चित्रावर फार वेळ घालवू नये. मिलान येथील मठाच्या भोजनगृहात १४९५ ते १४९८ च्या सुमारास काढलेल्या त्या चित्रात येशूशेजारी बसलेली कोमल चेहऱ्याची व्यक्ती कादंबरी म्हणते तशी मग्दालीया मरीया नसून योहान आहे. सर्वांत तरुण शिष्य बिनदाढीचा दाखवण्याची त्या काळच्या इटालियन चित्रकारांची रीत होती. त्याच विषयावरची इतर दोन-तीन चित्रे शेजारी ठेवली की बोलण्याची गरजच उरत नाही.

जे खरे आहे ते खरे म्हणा

या कादंबरीतील एक तक्रार मात्र गंभीर आहे, आणि तिच्यापुढे बचावाचा पवित्रा घेणे अन्यायाचे ठरेल. मग्दालीया मरीया ही वेश्या होती, असे पिढ्यान्‌पिढ्या प्रवचनांतून आणि चित्रांतून सांगितले गेले. शुभवर्तमानांत तसे कोठेही नाही. लूक आठव्या अध्यायात सांगतो की तिच्यातून सात भुते निघाली होती आणि ती इतर स्त्रियांबरोबर आपल्या पैशाअडक्याने येशूची व शिष्यांची सेवा करत होती. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू प्रथम तिलाच भेटतो आणि शिष्यांकडे निरोप घेऊन पाठवतो. इ. स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला, लूकच्या सातव्या अध्यायातील पापी स्त्रीला आणि बेथानीच्या मरीयेला एकच मानले, आणि पाश्चात्त्य चर्चमध्ये ते रुजले. पूर्वेकडील चर्चने या तिघींना वेगळेच ठेवले होते. रोमन कॅथलिक दिनदर्शिकेत १९६९ साली दुरुस्ती झाली, आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांची बरोबरी दिली.

म्हणजे एका थोर शिष्येची प्रतिमा चर्चच्या शिकवणुकीतून मलिन झाली, हा कादंबरीचा मूळ आक्षेप बरोबर आहे. त्यावर तिने सुचवलेला इलाज, म्हणजे तिला येशूची पत्नी आणि राजवंशाची माता करणे, तेवढा चुकीचा आहे. माझ्या मते तो इलाज मरीयेचे स्थान उलट लहान करतो, कारण पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार हा मान तिला कोणाची पत्नी किंवा आई म्हणून मिळालेला नव्हता. चर्चेत हा भाग वगळू नये. शक्य असेल तर सुरुवातच येथून करावी.

कथेच्या तळाशी असलेला प्रश्न ओळखा

वाचकाला नायसियाविषयी शंका असतेच असे नाही. बऱ्याचदा तो त्या शंकेच्या आडून वेगळेच काही विचारत असतो. अमेरिकेत ही कादंबरी येण्याच्या एक वर्ष आधी, २००२ मध्ये, बोस्टन येथील धर्मगुरूंनी केलेले मुलांचे लैंगिक शोषण आणि वरिष्ठांनी ते झाकून ठेवल्याचा तपशील वृत्तपत्रांतून बाहेर आला होता. चर्च सत्य दडवते, ही कथेतील कल्पना अशा वाचकांपुढे गेली ज्यांनी सत्य दडवलेले नुकतेच पाहिले होते. अशा वाचकाला चौथ्या शतकातील परिषदेचा इतिहास समजावून सांगणे म्हणजे त्याचा प्रश्न न ऐकणे होय. त्याला आधी हे सांगावे लागते की जे दडवले गेले ते पाप होते, पीडितांना न्याय मिळालाच पाहिजे, आणि चर्चवर प्रेम करणाऱ्यांनीच हे सर्वांत आधी म्हटले पाहिजे.

स्त्रियांचा प्रश्नही असाच आहे. आपल्या धर्मग्रामात निर्णय कोण घेते, आणि संडे स्कूल, साफसफाई व सणाचा स्वयंपाक यांपलीकडे बहिणींच्या वाट्याला काय येते, असे एखाद्या तरुणीने विचारले तर तो प्रश्न कादंबरीमुळे सुचला म्हणून हलका ठरत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाने तर येथे आपला स्वतःचा वारसा आठवावा. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' ही १८५७ मध्ये बाबा पदमनजी यांनी लिहिली. हिंदू विधवांच्या दुःखाची कहाणी सांगून रूढ धर्मकल्पनांना प्रश्न विचारणारे ते पुस्तक एका ख्रिस्ती लेखकाने, ख्रिस्ती दृष्टीने लिहिले होते. ज्या समाजाने कथेच्या माध्यमातून इतरांच्या परंपरेला प्रश्न विचारले, त्याने आपल्या परंपरेला कथेतून विचारलेले प्रश्न ऐकून घेणे न्यायाचे आहे.

जाहीर विरोध करावयाचा असेल तर

२००५-०६ मध्ये चित्रपट तयार होऊन आला तेव्हा वेगवेगळ्या ख्रिस्ती संस्था वेगवेगळ्या वागल्या, आणि त्या वागणुकीतून बरेच शिकता येते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेने चित्रीकरणाला परवानगी नाकारली आणि येणाऱ्या पर्यटकांच्या प्रश्नांची उत्तरे देता यावीत म्हणून कर्मचाऱ्यांना माहितीपत्रक दिले. लिंकन कॅथेड्रलने परवानगी दिली, आणि तेथे एका जोगिणीने बाहेर प्रार्थना करत शांतपणे निषेध नोंदवला. कादंबरीत खुनी साधूच्या रूपाने ज्यांची बदनामी झाली त्या 'ओपुस देई' या कॅथलिक संस्थेने बहिष्काराची हाक न देता आपली माहिती लोकांपुढे ठेवली आणि आपल्या संस्थेत साधू नसतातच, हे स्पष्ट केले. मला हा मार्ग सर्वांत परिणामकारक वाटतो, कारण संस्थेविषयी कुतूहल घेऊन आलेल्या माणसाला तेथे वादाऐवजी माहिती मिळाली.

भारतात मुंबईत निदर्शने झाली, माहिती व प्रसारण मंत्र्यांनी चर्चच्या प्रतिनिधींना चित्रपट दाखवला, आणि शेवटी प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र व कथा काल्पनिक असल्याची सूचना यांसह २६ मे २००६ रोजी तो प्रदर्शित झाला. गोव्यासह काही राज्यांनी त्यावर बंदी घातली. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू येथील बंदी तेथील उच्च न्यायालयांनी रद्द केली.

यावरून माझे स्पष्ट मत असे आहे की बंदीची मागणी करू नये. कथा काल्पनिक असल्याची सूचना मागणे रास्त आहे, कारण त्या पुस्तकाने स्वतःच 'वस्तुस्थिती'चे पान छापून संभ्रम निर्माण केला होता. वृत्तपत्राला सही करून पत्र लिहिणे, जाहीर व्याख्यान ठेवणे, शांततेने निदर्शने करणे, हेही आपले हक्क आहेत. परंतु राज्यघटनेचे २५ वे कलम आपल्याला धर्म पाळण्याचे व सांगण्याचे स्वातंत्र्य देते, आणि १९ वे कलम अभिव्यक्तीचे. अल्पसंख्य समाजाला या दोन्हींची गरज इतरांपेक्षा अधिक भासते. 'भावना दुखावल्या' हे कारण देऊन आज आपण एक पुस्तक बंद करवले, तर उद्या त्याच कारणाने आपली प्रवचने आणि आपली नियतकालिके बंद करण्याची मागणी होऊ शकते. पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसरा अध्याय आपल्या आशेविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सदैव तयार राहा, असे सांगतो, आणि त्यालाच जोडून सौम्यतेची व आदराची अटही घालतो.

चर्चासत्र कसे घ्यावे

दीड तासाचे एक सत्र पुरेसे होते. टेबलावर बायबलची दोन भाषांतरे असावीत. नेहमीच्या वापरातील एक आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे टिपांसह असलेले 'सुबोध बायबल', अशी जोडी चांगली. शेजारी ती कादंबरी आणि भोजनाच्या चित्राची मोठी छापील प्रत ठेवावी. पहिली वीस मिनिटे ज्यांना पुस्तक किंवा चित्रपट आवडला त्यांनाच बोलू द्यावे आणि मध्ये कोणी दुरुस्ती करू नये. त्यांच्या बोलण्यातून निघालेले दावे फळ्यावर लिहावेत. मग त्यांपैकी दोन किंवा तीनच निवडून वर सांगितलेल्या चार प्रश्नांनी तपासावेत. सगळे एकाच बैठकीत संपवण्याचा हट्ट धरला की ते व्याख्यान होते आणि मुले मोबाइल काढून बसतात. योहानाचा विसावा अध्याय गटाने मिळून मोठ्याने वाचावा, कारण मग्दालीया मरीयेविषयी ऐकलेले आणि लिहिलेले यांतला फरक वाचतानाच लक्षात येतो.

शंका बोलून दाखवणाऱ्याला घरी किंवा गटात कोणी टोमणा मारणार नाही, हे आयोजकाने सुरुवातीलाच सांगावे आणि सत्रभर पाळावे. आईवडिलांसाठी वेगळे सत्र ठेवलेले बरे, कारण मुले त्यांच्यासमोर मोकळी होत नाहीत आणि त्यांचीही स्वतःची शंका असतेच. फिरत्या संदेशांतून आलेली खंडने वाचून दाखवू नयेत. त्यांतील कित्येकांत तारखा आणि नावे चुकीची असतात. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न एका वहीत लिहावा, तो कोण शोधणार आणि कोणत्या तारखेला सांगणार हे त्याच्यापुढे नोंदवावे, आणि त्या तारखेला उत्तर मिळाले नसेल तर तेवढेही गटाला कळवावे. ती वही आणि कादंबरीची प्रत धर्मग्रामाच्या वाचनालयात शेजारी शेजारी ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी तेच पुस्तक मागायला येणाऱ्याला दोन्ही एकदम देता येतील.